राणीची मनःस्थिती आणि आमचा कूलर

१६ मार्च, रविवार. सकाळी ७.१०

कापसाच्या जिनिंगमधून रिटायर होऊन दीड महिना झाला. रिटायर माणसं दोन प्रकारची. एक पेपर वाचतात, दुसरी काहीतरी करतात. मी आजपासून दुसऱ्या प्रकारात.

पुण्याहून श्यामने, म्हणजे आमच्या मुलाने, फोनवर एक लेख पाठवला. त्याच्यासोबत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मित्राने परदेशी पाल पाळली आहे. काचेच्या पेटीत, बल्ब लावून. लेखाचा विषय: पाळीव पालीच्या भावनिक आणि मानसिक गरजा. खाली श्यामने हसणारी तीन तोंडं टाकली होती. मी हसलो नाही. लेख इंग्रजीत होता, दोनदा वाचला. बराचसा कळला. जो कळला नाही तो अनुभवाने भरून काढला.

मुद्दा साधा आहे. पालीलाही मन असतं. तिला कंटाळा येतो, टेन्शन येतं, खाणं सुटतं. आमच्या अकोल्याच्या या घरात एकतीस वर्षांपासून पाली आहेत. एकीलाही कोणी कधी विचारलं नाही की बाई, तू कशी आहेस.

संकल्प: हे बदलायचं. परदेशी पाल मुळीच आणायची नाही. वऱ्हाडात पालींचा काय दुष्काळ पडला आहे?

१७ मार्च. संध्याकाळ

पाल निवडली. हॉलमधल्या घड्याळामागची. अंगाने बारीक, रंगाने मळकट, पण नजर हुशार. नाव ठेवलं राणी.

रागिणीला सांगितलं. तिने विचारलं, पाल कोनी पाळते का, बाप्पा? मी म्हटलं, आपण एकतीस वर्षं पाळतोच आहोत, फक्त जबाबदारी टाळत होतो. मग तिने नाव विचारलं. राणी म्हटल्यावर तिने हातातलं भगोणं ओट्यावर जरा जोरात ठेवलं. नावाचं एवढं काय ते कळलं नाही.

तेवढ्यात राणी चुकचुकली. रागिणीने सवयीप्रमाणे टेबलाच्या लाकडावर बोट टेकवून कृष्ण कृष्ण म्हटलं. कुणी बोलत असताना पाल चुकचुकली की ते बोलणं खरं, असं तिच्या माहेरी अमरावतीला मानतात. आमच्याकडेही मानतात, पण बोट तीच टेकवते. तिला समजावलं की यापुढे मध्येच कृष्ण कृष्ण करू नको, राणीची लिंक तुटते.

१९ मार्च

चार्ट तयार केला. फ्रिजवर चिकटवला. असा:

रोज पंधरा मिनिटं तिच्याशी हळू आवाजात बोलणे.
बोलणं चालू असताना मध्येच उठून न जाणे.
तिने काही खाल्लं का ते बघणे.
आठवड्यातून एकदा तिला काहीतरी नवीन दाखवणे.
तिची स्वतःची जागा तिला असू देणे.
आवडी-निवडी ओळखून लिहून ठेवणे.

रागिणी पाण्याची बाटली काढायला आली आणि चार्टसमोर बराच वेळ उभी राहिली. फ्रिज उघडा तो उघडाच. मी म्हटलं, गार हवा जाते आहे. ती काही न बोलता बाटली न घेताच गेली. तिला चार्ट पटला असावा. पटल्यावर ती अशीच गप्प होते.

२२ मार्च

खाण्याची सोय केली. ज्वारीच्या पिठात अळ्या छान होतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. पिठाचा डबा तीन दिवस झाकण उघडून, थोडं पाणी शिंपडून ठेवला. रागिणीला ते आज कळलं. भाकरी थापताना कळलं.

तिने जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. ही रोजनिशी मी सकारात्मक ठेवणार आहे.

आवडी-निवडी (राणी): ज्वारीच्या अळ्या, तोंड फिरवते. झुरळ, नको. मच्छर, मूड असेल तर. ट्यूबलाइटवर येणारे लहान पाखरू, अतिशय. मोठे पाखरू, डोक्याकडून खाते, पंख टाकून देते. पाच दिवसांत एवढं निरीक्षण! तीस वर्षं जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. कापूस नुसता चिमटीत धरायचो आणि धागा किती, ओल किती, कचरा किती, सांगून मोकळा. अशी नजर फुकट येत नाही.

२५ मार्च

आठवड्याचं नवीन: राणीला आरसा दाखवला. स्टुलावर चढून, अगदी प्रेमाने. राणी घाबरून पळाली आणि शेपटी सोडून गेली. शेपटी सोफ्यावर, नेमकी रागिणीच्या निवडलेल्या मेथीत, पाच मिनिटं वळवळत होती.

लेखात लिहिलं आहे की जास्त टेन्शन आलं की पाल शेपटी टाकते. कारण उघड आहे. रागिणीचा मिक्सर. दुपारी दोनदा लावला होता.

एक फायदा झाला. आता राणी हजार पालींत ओळखू येईल. बुंध्याशी बोथट, थोडी डावीकडे झुकलेली.

२८ मार्च. ऐतिहासिक दिवस

शेजारचे शफीकभाई कूलर सुरू करून द्यायला आले. कूलर दुरुस्तीचं त्यांचं दुकान आहे, दरवर्षी मार्चअखेर ते आमचाही कूलर खोलतात, जुनं गवत काढतात, गवताच्या नवीन ताट्या बसवतात. आज मागची ताटी ओढली तर आत पत्र्याच्या पट्टीला दोन अंडी चिकटलेली. पांढरीशुभ्र, मटाराएवढी.

राणीची!

शफीकभाई बोट लावून बघायला गेले, मी त्यांचा हात धरला. अंड्यांना हात लावला की आईला ताण येतो. ते म्हणाले, खुशालभाऊ, आयका तं खरं, हे अंडे मले... मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. मी म्हटलं, भाई, तुम्ही मोटार आणि पंप बघा, मानसिक बाजू माझ्याकडे सोडा. ते ताटी तशीच टेकवून, चहा न घेता गेले.

निर्णय: पिल्लं बाहेर येईपर्यंत कूलर चालणार नाही. गवतावर पाणी पडलं, पंखा फिरला, तर काय अवस्था होईल त्या जिवांची! लेखातल्या हिशेबाने पंचेचाळीस दिवस. म्हणजे १२ मे.

रागिणीने विचारलं, आख्खा एप्रिल? म्हटलं, हो. तिने विचारलं, अकोल्यात? म्हटलं, हो.

३१ मार्च. ईद

शफीकभाईंकडे गेलो. बिल्कीसभाभींनी शिरखुर्मा दिला, अप्रतिम. त्यांचा कूलर आत्ताच सुरू. मनात म्हटलं, सवयीचे गुलाम. बोललो नाही, सणाचा दिवस.

रागिणी त्या कूलरसमोर बसली ती दोन तास उठली नाही. भाभी आणि ती हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या आणि हसत होत्या. मी तीनदा म्हटलं, चल. तिसऱ्यांदा म्हटल्यावर भाभीच म्हणाल्या, भाऊ, तुमी व्हा पुढं, बसू द्या तिले जरासक.

बाहेर बेचाळीस. काही विशेष नाही.

५ एप्रिल

उपाययोजना. खिडकीला ओलं पोतं बांधलं. वाळलं, वीस मिनिटांत. पुन्हा ओलं केलं. पुन्हा वाळलं. दुपारभर पोतं ओलं करत होतो. चांगला व्यायाम.

रागिणीला म्हटलं, आपले आजोबा कुठे कूलर लावत होते? ती म्हणाली, आजोबाच्या घराले दोन हात मातीची भित होती, तुमी तं स्लॅबखाली बसवून राहिले मले. हा मुद्दा तांत्रिक आहे, भावनिक नाही. त्यामुळे उत्तर दिलं नाही.

९ एप्रिल

त्रेचाळीस पूर्णांक आठ. राणीशी पंधरा मिनिटं बोललो. विषय: संयम. बोलताना रागिणी येऊन म्हणाली की तिच्या पाठीवर घामोळ्या आल्या आहेत, जरा पावडर लावून देता का. मी हाताने थांब अशी खूण केली, कारण बोलणं चालू असताना मध्येच उठायचं नाही हा नियम आहे.

पंधरा मिनिटांनी गेलो तर ती पालथा हात मागे नेऊन स्वतःच लावत होती. अर्धी पावडर फरशीवर.

१२ एप्रिल. सकाळी १०

रागिणी अमरावतीला गेली. बहिणीकडे, सुभद्राकडे. सकाळच्या एसटीने.

भांडण अजिबात नाही. बॅग भरली, दुधाचं सांगितलं, गॅसचं सांगितलं, चपला घातल्या. दारात म्हणाली, कूलर लावला की फोन करजा, तवा येईन मी. मी म्हटलं, १२ मेला लागणारच आहे. ती म्हणाली, मंग १२ मेले पाहू. रिक्षात बसल्यावर मागे वळून पाहिलं नाही, पण रिक्षाचा पडदा लावलेला होता. तेही एक कारण असू शकतं.

चांगलंच झालं. संशोधनाला मोकळं घर लागतंच.

१२ एप्रिल. दुपारी ४

घर खूपच मोकळं आहे.

१३ एप्रिल

राणीला मोठ्याने सांगितलं, रागिणी चार दिवसांत परत येते की नाही बघ. राणी लगेच चुकचुकली! म्हणजे खरं. कुणी कृष्ण कृष्ण म्हटलं नाही म्हणून मीच म्हटलं. टेबलावर बोटही टेकवलं. घरची पद्धत मोडायला नको.

१५ एप्रिल

दूध उतू गेलं.

१६ एप्रिल

दूध उतू गेलं. दूध हा प्रकारच बेभरवशाचा आहे. उद्यापासून काळा चहा.

१७ एप्रिल

चार दिवस झाले. पालीच्या घड्याळात चार दिवस म्हणजे किती, हे लेखात दिलेलं नाही.

१९ एप्रिल

राणी दिसली नाही. काल नाही, आज नाही. ट्यूबलाइटवर पाखरं तशीच बसलेली. चुकचुकणंही बंद.

निदान केलं. ही उदासीनता आहे. लक्षणं एकेक लिहून काढली: खाण्यात लक्ष नाही. आवाज नाही. स्वयंपाकघराकडे तोंड करून बसून राहते (बसत असणार). दार वाजलं की दचकून बघते. संध्याकाळी सहाच्या सुमारास, जेव्हा चहा व्हायचा, तेव्हा जास्त त्रास.

कारण: घरात रागिणीचा आवाज नाही. राणीला तिची सवय झाली होती. मुका जीव, सांगणार कुणाला!

सोबत म्हणून मीही जेवलो नाही.

२० एप्रिल

रागिणीला फोन केला. निव्वळ वैद्यकीय कारणाने. सांगितलं, राणीला तुझ्यावाचून करमत नाही.

तिने विचारलं, कोनाले? म्हटलं, राणीला. मग विचारलं, आखीन कोनाले? मी म्हटलं, आणखी कुणाला म्हणजे, घरात आणखी आहे कोण?

फोन कट झाला. अमरावतीला नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.

२३ एप्रिल

पंचेचाळीस. गच्चीवर झोपलो. गादी रात्रभर तापलेल्या तव्यासारखी. पहाटे अंगाला मच्छर चावून चावून गाठी. मच्छर! राणीच्या आवडीचे! आणि ती एक खायला आली नाही. एवढी खोल उदासीनता मी आयुष्यात पाहिली नाही.

नवीन उपाय सुचला. रागिणीचं कृष्ण कृष्ण व्हॉट्सअॅपवर रेकॉर्ड करून मागवायचं आणि घड्याळाजवळ रोज दोन वेळा वाजवायचं.

२४ एप्रिल

मेसेज टाकला. दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर नाही. संध्याकाळी मेहुणी सुभद्राने रेकॉर्डिंग पाठवलं. तिच्याच आवाजात कृष्ण कृष्ण, आणि पुढे, भाऊजी, डोक्यावर ओलं फडकं बांधत जा.

वाजवलं. परिणाम शून्य. राणीला आवाजातला फरक कळतो, हे तरी सिद्ध झालं.

मी ते चार वेळा वाजवलं. मलाही फरक कळला.

२८ एप्रिल

श्यामचा फोन. म्हणे बाबा, कूलर लावा ना, आई तिकडे, तुम्ही इकडे, काय चाललंय. मी त्याला सांगितलं की लेख तूच पाठवला होतास. तो म्हणाला, ते गमतीत होतं. मी म्हटलं, जगातली मोठी कामं गमतीतच सुरू होतात. त्याने उसासा टाकला. पुण्याच्या हवेत या मुलाचा दम कमी झाला आहे.

अंड्यांची पाहणी: ताटीच्या फटीतून टॉर्च मारून. दोन्ही जागच्या जागी. जराही हालचाल नाही. पिल्लं शांत स्वभावाची असणार.

३ मे

आज एकतीस वर्षं पूर्ण, लग्नाला. दुपारी लक्षात आलं. सकाळी आलं असतं तर फोन केला असता. दुपारी करणं बरं दिसलं नसतं. संध्याकाळी केला असता, पण मग तिने विचारलं असतं की सकाळपासून कुठे होता.

राणीला सांगितलं. म्हणजे घड्याळाला सांगितलं, राणी मागे असेल असं धरून.

७ मे

उरलेले दिवस पाच. मी हटणार नाही. लेआउटमधल्या, म्हणजे आमच्या कॉलनीतल्या, सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. नत्थुजी काल मॉर्निंग वॉकला म्हणाले, खुशालराव, पालीपाई बायकोले धाडून देल्लं म्हन्तात! चार माणसं हसली. मी म्हटलं, धाडलं नाही, ती गेली. मग पाचवाही हसला.

हसू दे. पिल्लं बाहेर आली की याच नत्थुजीला बोलावून दाखवणार.

९ मे

सेहेचाळीस. दुपारी दोन वाजता पोतं ओलं करायला बादली उचलली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जाग आली तर शफीकभाईंच्या हॉलमध्ये, दिवाणावर. समोर त्यांचा मोठा कूलर धडाडत होता. भाभींनी कैरीचं पन्हं पाजलं, तळपायाला कांदा चोळला. शफीकभाई रागावले. म्हणाले, भाऊ, म्या फाटकातून पाह्यलं म्हनून बरं, नाई तं तुमी तटीच पडून असते.

मी म्हटलं, मी पडलो नव्हतो, टेकलो होतो.

मग वर बघितलं. कूलरच्या वर, भिंतीवर, ट्यूबलाइटखाली राणी!

शेपटी बोथट, डावीकडे झुकलेली. अंगाने दुप्पट. पोट गोल. तोंडात पाखरू. डोकं आत गेलेलं होतं, पंख बाहेर.

भाभींना विचारलं, ही कधीपासून इथे आहे. त्या म्हणाल्या, वीस-बावीस दिवस झाले असतीन, कूलर हाय, थंड हाय, लाइटीपाशी कीडे हाय, अजून काय पायजे तिले? मी विचारलं, तुम्ही तिच्याशी बोलता का. भाभी म्हणाल्या, पालीसंग काय बोलाव भाऊ? कामं पडले हायत.

कोणी बोलत नाही. आरसा नाही. चार्ट नाही. आणि ती इथे मजेत!

१० मे

विचार केला. राणी शेजारी गेली ती पाहुणी म्हणून. अंडी इकडे आहेत. आई अंड्यांसाठी येणारच. मी खचलेलो नाही.

एक शंका आहे. वीस-बावीस दिवस म्हणजे १९ एप्रिल. उदासीनतेची सगळी लक्षणं मी त्याच दिवशी लिहिली आहेत. खाण्यात लक्ष नाही, आवाज नाही, दार वाजलं की दचकणं. तेव्हा ती तर इथे नव्हतीच. मग घरात हे सगळं कोण करत होतं?

लिहून ठेवतो. पुढे कधीतरी विचार करू.

१२ मे, सोमवार. सकाळी ८

आज तो दिवस. शफीकभाईंना साक्षीदार म्हणून बोलावलं. नत्थुजी न बोलावता आले.

मागची ताटी काढली. अंडी पांढरीशुभ्र, जागच्या जागी. अर्धा तास वाट पाहिली. नत्थुजींनी दोनदा जांभई दिली. शेवटी मी स्वतः, दोन बोटांच्या चिमटीत, एक अंडं हळूच धरलं.

एका सेकंदात कळलं. वजन नाही. कापसाच्या बोंडाचं कवच असतं ना, कापूस वेचून नेल्यावरचं, तसं. मागच्या बाजूला, पत्र्याकडे, गोल भोक. दुसऱ्यालाही. पिल्लं निघून गेलेली, कधीचीच.

शफीकभाई हळू आवाजात म्हणाले, भाऊ, हे मांगच्या सालचे हायत. म्या त्याच दिवशी सांगून राह्यलो होतो, तुमी माहा हात धरला.

तीस वर्षं मी जे काम चिमटीत केलं, ते पंचेचाळीस दिवसांत एकदाही केलं नाही. कारण हात लावायचा नाही असा नियम मीच केला होता.

नत्थुजी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

१२ मे. संध्याकाळ

शफीकभाईंनी नवीन ताट्या बसवल्या, पंप बघितला, बटण दाबलं. कूलर लागला. हॉलमध्ये ओल्या गवताचा वास आला. मी खुर्ची ओढून समोर बसलो. बाजूला दुसरी खुर्चीही ओढली, सवयीने.

पंधरा मिनिटं बसलो. बोलायला कुणी नव्हतं.

मी हरलो, असं मात्र नाही. प्रयोग यशस्वी झाला. फक्त प्रयोग कुणावर चालला होता ते चुकीचं लिहिलं गेलं.

१३ मे

रागिणीला फोन केला. ती म्हणाली, लावला का? म्हटलं, लावला. तिने विचारलं, पिल्लं? म्हटलं, ती मागच्या वर्षीच गेली. मग सुभद्राच्या हसण्याचा आवाज आला, म्हणजे फोन स्पीकरवर होता. रागिणी म्हणाली, उद्या तीनच्या गाडीनं येतो.

मुद्दाम लिहून ठेवतो: तिच्या आवाजात हसू होतं की नव्हतं ते कळलं नाही. पालीबद्दल चार पानं लिहिली, आणि एवढं कळलं नाही.

१४ मे, बुधवार. सकाळी ९

जुना चार्ट काढला. नवीन लिहिला. मुद्दे तेच ठेवले, एकही बदलावा लागला नाही. नाव फक्त रागिणी.

आवडी-निवडी. राणीच्या वेळी पाच दिवसांत कागद भरला होता. आता अर्धा तास बसलो आहे. वांग्याची भाजी? ती मला आवडते. पातोडी? तीही मला. ठेचा? मला. ती काय आवडीने खाते? ती मी जेवून उठल्यावर जेवते, म्हणून कधी पाहिलंच नाही.

रकाना कोरा आहे. एकतीस वर्षांचा.

१४ मे. दुपारी १२

शेवटी बिल्कीसभाभींना विचारलं. विचारताना लाज वाटली. त्यांनी एक सेकंदही विचार केला नाही. म्हणाल्या, रागिणीताईले बरफाचा गोला, काला खट्टा, दर बुधवारी तं आमी दोघी चौकात जाऊन खातो, तुमी जेवून झोपल्यावर.

दर बुधवारी! किती वर्षांपासून ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, तेही ठरवता आलं नाही.

त्यांच्या भिंतीवर राणी होती. माझ्याकडे बघत होती. या घरात माझ्या दोघींबद्दल सगळी माहिती आहे.

१४ मे. संध्याकाळी ७

नोंद.

साडेचारला काला खट्टा आणला, स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून. बाहेर पंचेचाळीस. घरी येईपर्यंत डब्यात जांभळं पाणी आणि एक काडी.

साडेपाचला रागिणी आली. बॅग ठेवली. पाण्यासाठी फ्रिज उघडला आणि त्यावरचा चार्ट वाचला, उभ्यानेच, बराच वेळ. मी म्हटलं नाही की गार हवा जाते आहे. मग कूलरसमोरच्या दोनातल्या एका खुर्चीत बसली. मी डबा पुढे केला. तिने झाकण उघडलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. विचारलं, कोनं सांगतलं? खोटं सांगणार होतो. पण भाभींचं नाव सांगितलं. तिने ते जांभळं पाणी सगळं पिऊन टाकलं. काडीसुद्धा चोखली.

मग तिने परत तेच विचारलं, फोनवर विचारलं होतं ते. कोनाले करमत नव्हतं? मी म्हटलं, राणी तर एप्रिलमध्येच शेजारी गेली. ती म्हणाली, ते भाभीनं कईच सांगतलं. मंग कोनाले?

मी म्हटलं, मला.

शेजारच्या भिंतीकडे कान लावला. राणी चुकचुकेल अशी अपेक्षा होती. निदान एवढ्या दिवसांची ओळख ठेवून. काहीही आवाज नाही. फक्त दोन्ही घरांचे कूलर.

रागिणीनेच हात लांब करून टेबलाच्या लाकडावर बोट टेकवलं. कृष्ण कृष्ण म्हणाली.

आजचा चार्ट: बोलणे, पंधरापैकी सात मिनिटं. मध्येच उठून गेलो का? हो. कूलरमधलं पाणी संपलं होतं, तिनेच पाठवलं.